मागच्याचं दुखणं

गाडी चालवणाऱ्याला गाडीचं अर्धं दुखणं बुडाखालून कळतं. चाक आऊट झालं की स्टिअरिंग थरथरतं, एका बाजूची हवा उतरली की गाडी तिकडे ओढते, बेअरिंग वाजायला लागलं की मुक्कामापर्यंत कान सोडत नाही. आपण तिच्या पोटात बसलेलो असतो म्हणून तिचं सगळं आपल्यापर्यंत पोचतं. मागे जोडलेल्या ट्रेलरचं तसं नसतं. धावताना त्यात कुणी बसलेलं नसतं. पुढे पिकअपमध्ये एसी चालू, कुणाची तरी गाण्यावरून भांडणं चाललेली, आणि मागे तीन टनांचं घर ताशी शंभरने येतंय. त्याचं एखादं चाक तिरकं चाललंय, ब्रेक चिकटलाय की स्प्रिंगच्या बोल्टभोवतीचा बुश (नळीसारखं अस्तर) संपलाय, यातलं काहीही पुढच्या सीटवर येत नाही. आरशात पाहावं तर सगळं सरळ. साक्षीला उरतात फक्त टायर, आणि त्यांची साक्ष काढायला गुडघे टेकून खाली बसावं लागतं.

मिशिगनमधली आपली बरीच मंडळी गाड्यांच्याच धंद्यात आहेत. माझा एक मित्र त्यातलाच, मूळचा पुण्याचा. कंपनीत तो गाड्यांचे आवाज आणि कंपनं मोजतो. त्याने आणि वहिनींनी एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. दोन ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे आडवे दांडे), चार चाकं, आत पलंग, बाथरूम, स्वयंपाकघर, आणि मुक्कामी पोचल्यावर बटण दाबून बाहेर सरकवायची एक भिंत. उन्हाळा आला की आय-75 महामार्ग धरायचा, मॅकिनॉचा पूल ओलांडायचा आणि वरच्या द्वीपकल्पात शिरायचं, म्युनिसिंगच्या रंगीत कड्यांकडे किंवा ताक्वामेनॉनच्या धबधब्याकडे. इथल्या गोऱ्या शेजाऱ्यांचं कॅम्पिंग शेगडीवर सॉसेज भाजून होतं. आपल्या लोकांना पहिल्या सकाळी पोहे आणि दुसऱ्या दुपारी पुरी-भाजी लागते. त्याचा टायरशी संबंध आहे, तो पुढे येईल.

एका वसंतात ट्रेलर हिवाळ्याच्या मुक्कामातून बाहेर काढताना मित्राला दिसलं की डाव्या बाजूच्या मागच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे. बाहेरून टायर धडधाकट. नक्षी व्यवस्थित, कुठे चीर नाही. आपण चाकाकडे उभ्या उभ्या पाहतो तेव्हा दिसते ती बाहेरची कड, आणि आतल्या कडेला झीज लागली की ती अशी लपूनच वाढते. एका दुकानात दाखवलं. त्यांनी खाली वाकून एकदा पाहिलं आणि सांगितलं, खड्ड्यात आपटून ॲक्सल वाकलाय, दोन्ही बदलून घ्या. आकडा ऐकून मित्र घरी आला, पण निदान त्याला पटलं होतं. मिशिगनमध्ये ते कुणालाही पटावं. इथे मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळून पाणी डांबराच्या भेगांत शिरतं, रात्री तिथेच गोठून फुगतं, आणि एप्रिलपर्यंत रस्त्याची चाळण होते. गाडीचं काहीही बिघडलं तरी खड्ड्यावर खापर फोडायला जागा असते.

माझं म्हणणं एवढंच होतं की टायर अजून फेकू नको. नवे टायर घालून पुन्हा निघायचं हे सगळे करतात, आणि तेवढ्यानेच पुरावा जातो. खर्च होतो तो वेगळाच.

झिजलेला टायर वाचायचे तक्ते दुकानांच्या भिंतींवर असतात. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड गेली तर चाक उभं राहायच्या ऐवजी आत किंवा बाहेर कललंय. जागोजागी खळगे पडले असतील तर चाक बॅलन्स केलेलं नाही, नाहीतर बेअरिंग सैल आहे. ट्रेलरची चाकं कारखान्यातून बॅलन्स न करताच बाहेर पडणं मुळीच दुर्मीळ नाही. आत कुणी बसत नाही, मग थरथर कुणाला कळणार, असा त्यामागचा हिशेब असावा. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर ब्रेक मारताना चाक जाम होऊन घासत गेलं. हे सगळं खरं आहे, पण तक्ता मुळात मोटारीसाठी काढलेला असतो आणि तो एकेका चाकाचा विचार करतो. ट्रेलरला वळणारं चाकच नसतं. दोन सरळ ॲक्सल एकामागे एक जखडलेले असतात. पेट्रोल पंपावर आखूड वळण घेतलं की चारी चाकं आडवी फरफटतात, टायरच्या भिंतीला पीळ पडलेला डोळ्यांनी दिसतो. म्हणूनच ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्या अंगावर मापाच्या आधी एसटी ही अक्षरं असतात आणि त्यांची भिंत जाड, ताठ असते. ही अक्षरं वाचून मला दर वेळी लाल डबा आठवतो, त्याला इलाज नाही.

लाल डब्यावरून आठवलं. आपल्याकडे घाटाखाली चहाला ट्रक थांबला की क्लीनर टॉमी घेऊन खाली उतरतो आणि मागच्या जोडचाकांवर एकेक ठोका मारत जातो. आवाज बद्द आला की त्या चाकात हवा नाही. जोडीतला एक टायर बसला तरी दुसरा वजन पेलतो, ड्रायव्हरला पत्ता लागत नाही, म्हणून हे ठोके. दोन ॲक्सलच्या ट्रेलरचं तेच आहे. एकाची हवा गेली की त्याचा भार शेजारच्यावर येतो, आणि बिचारा शेजारीही तापून फुटू शकतो. आता व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर मिळतात, पुढे डॅशबोर्डवर आकडे दिसतात. मित्राकडे ते होते, त्यामुळे हवेचा संशय पहिल्याच फेरीत मिटला.

उरला वाकलेला ॲक्सल. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती माहीत नसली की माणूस उगाच घाबरतो. ट्रेलरचा ॲक्सल नवा असतानाच मध्यभागी किंचित वर उचललेला असतो. रिकाम्या ट्रेलरची चाकं त्यामुळे वरच्या बाजूला जराशी बाहेर झुकलेली दिसतात. वजन पडलं की ती उभी होतात. वजन मर्यादेबाहेर गेलं किंवा ॲक्सलला खरंच दणका बसला की ती उलटी, आत झुकतात, आणि आतली कड घासायला लागते. म्हणजे दुकानदाराचं म्हणणं चुकीच्या जागी नव्हतं. आतली कड गेलेली होती, आणि एकाच बाजूचं टोक वाकलं असेल तर एकाच टायरची कड जाणार. पण मग बाकीचे तीन टायर निर्दोष हवेत.

ते तपासायला हात लागतो. तळवा टायरवर ठेवायचा आणि नक्षीवरून आडवा सरकवायचा, बाहेरून आत, मग आतून बाहेर. चाक सरळ चालत असेल तर दोन्ही फेऱ्यांना सारखंच लागतं. तिरकं चालत असेल तर एका दिशेने गुळगुळीत जातं आणि उलट येताना करवतीवर हात पडल्यासारखं होतं, कारण प्रत्येक पट्टीची एक कड झिजून उतरती झालेली असते आणि दुसरी धारदार उरलेली असते. डोळ्याला हे बऱ्याच उशिरा दिसतं.

डाव्या मागच्या टायरला धार होती. ती अपेक्षितच होती. पण उजव्या मागच्यालाही होती, आणि तिथे झीज बाहेरच्या कडेला. मित्र म्हणाला, "अरे, एकाची आतली आणि दुसऱ्याची बाहेरची? हे कसं काय?" मग पुढचे दोन पाहिले. डाव्या पुढच्याची बाहेरची कड, उजव्या पुढच्याची आतली. अगदी पुसट, पण तळव्याला स्पष्ट. चौघांची दिशा अशी लावून पाहिली की चित्र उभं राहतं: मागच्या दोन्ही टायरांची उजवीकडची कड झिजलेली, पुढच्या दोन्हींची डावीकडची. वाकलेला ॲक्सल असं कधी करत नाही. ॲक्सल वाकला तर डावं आणि उजवं चाक आरशातल्यासारखी झिजतात, दोन्ही आत नाहीतर दोन्ही बाहेर, किंवा मग एकटंच एक झिजतं. इथे मागचा ॲक्सल अख्खाच्या अख्खा डावीकडे निघाला होता आणि त्या मानाने पुढचा उजवीकडे. दोघांना एकाच चौकटीत बांधलेलं, त्यामुळे ट्रेलर दोघांच्या मधून सरळ चाललेला. पिकअपमधल्या माणसाला काय दिसणार? आवाज मोजणारा माझा मित्र या वेळी बराच वेळ गप्प होता.

आता मोजायचं. यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत, गॅरेजची सपाट फरशी, टेप, खडू आणि ओळंबा एवढ्यावर काम होतं. प्रत्येक चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडायचा आणि फरशीवर खूण करायची. पुढे ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्याच्या मध्याखालीही एक खूण. मग ट्रेलर पुढे ओढून बाजूला करायचा आणि खुणांमध्ये टेप धरायची. गोळ्यापासून पुढच्या ॲक्सलची दोन्ही टोकं सारख्या अंतरावर आली. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर मात्र उजवीकडे बरोबर होतं आणि डावीकडे पाव इंच जास्त. सहा मिलिमीटर. दोन ॲक्सलमधल्या अंतरात डाव्या-उजव्या बाजूंना इंचाच्या सोळाव्या भागापेक्षा, म्हणजे दीड मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक नसावा असं सांगतात.

पाव इंच ऐकून मित्राच्या तोंडावर "एवढंसंच?" आलं, म्हणून मग हिशेबच मांडला. डाव्या आणि उजव्या चाकांत साधारण 2.2 मीटर अंतर. तेवढ्या लांबीत सहा मिलिमीटरचा तिरकेपणा म्हणजे दर किलोमीटरला पावणेतीन मीटर. दोन ॲक्सल एवढ्याने एकमेकांपासून दूर जायला पाहतात आणि जाऊ शकत नाहीत, म्हणून तेवढं रबर रस्त्यावर आडवं घासून भरपाई करतात. डेट्रॉईटपासून म्युनिसिंग साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे रंगीत कड्यांपर्यंत पोचेपर्यंत त्या चार टायरांनी वाटून घेऊन पावणेदोन किलोमीटर आडवा प्रवास केलेला असतो. परतीचा वेगळा.

ट्रेलर जॅकवर उचलला, चौकटीखाली घोड्या लावल्या आणि डाव्या मागच्या कमानपाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, मागच्या टोकाचा बोल्ट काढला. मागचा ॲक्सल आपल्या जागी राहतो तो या बोल्टच्या भरवशावर. पाट्याच्या डोळ्यात एक बुश असतो, त्यातून बोल्ट जातो. बुश नायलॉनचा होता, किंवा कधीकाळी होता. आता त्याच्या जागी थोडा काळा भुगा निघाला. बोल्टवर पायरी पडली होती आणि चौकटीला जोडलेल्या पट्टीतलं भोक गोल राहिलं नव्हतं, मागच्या बाजूला लांबोळकं झालं होतं. चाकाला रस्ता सतत मागे खेचत असतो, बुश गेला की लोखंड लोखंडाला खातं आणि ॲक्सल हळूहळू मागे सरकतो. उजवीकडचा बुशही मरायला टेकला होता, पण होता.

अमेरिकेतले बहुसंख्य ट्रॅव्हल ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. या गावाला त्या धंद्याची राजधानी म्हणतात, तिथे त्याचं संग्रहालयही आहे. त्या ट्रेलरांच्या आतलं लाकूडकाम, दिवे, टीव्ही, खोटी शेकोटी पाहून घेणाऱ्याचे डोळे दिपतात. खाली मात्र अनेक ठिकाणी हे नायलॉनचे बुश, ग्रीस जायला वाट नसलेले बोल्ट. पितळी जातीच्या मिश्रधातूचे बुश, ग्रीस भरायची सोय असलेले बोल्ट आणि जाड शॅकल, म्हणजे पाटे जोडणाऱ्या पट्ट्या, यांचा सेट बाजारात वेगळा मिळतो आणि ॲक्सलच्या किमतीच्या मानाने तो चिल्लर आहे. तो कारखान्यातच का बसत नाही, याचं उत्तर मला एकच सुचतं: विक्रीच्या दालनात कुणी ट्रेलरखाली आडवं होत नाही. मला हे चीड आणणारं वाटतं. शेकोटी कमी चालेल.

पण डावाच का आधी गेला? मित्राने याची बरीच तांत्रिक कारणं शोधली. रस्त्याचा उतार, वळणं, कडेच्या लेनमधले खड्डे. रस्त्याचा उतार तर उजवीकडे असतो, म्हणजे भार उजव्या चाकांवर यायला हवा. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, डाव्या बाजूला माझं सगळं स्वयंपाकघर आहे की." फ्रिज, शेगडी, सरकणारी भिंत आणि तिच्यातलं सोफ्याखालचं कपाट, सगळं डावीकडे. त्या कपाटात तांदळाची वीस पौंडी पिशवी, कणीक, दोन कुकर, लोखंडी तवा, बिडाची कढई आणि दगडी खलबत्ता. खलबत्ता कशाला, असं मित्राने विचारलं. त्यावर मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

वजन करून घेणं आता भागच होतं. हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात. तिथे पिकअपचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं कळतं, पण ट्रेलरच्या डाव्या-उजव्या बाजूंची फोड मिळत नाही. त्यासाठी खडीच्या एका यार्डातला काटा कामी आला. डावी चाकं काट्यावर, उजवी बाहेर सपाट जमिनीवर, मग उलट. ट्रेलरची कमाल मर्यादा 7000 पौंड, म्हणजे 3175 किलो. दोन ॲक्सल 3500 पौंडांचे. टायरांवर छापलेली क्षमता प्रत्येकी 1760 पौंड, तीही थंड टायरमध्ये 50 पीएसआय हवा असताना. बेरीज करून पाहा, एका ॲक्सलवर पूर्ण भार आला तर दोन टायरांच्या हाती जेमतेम 20 पौंडांची शिल्लक राहते. भाराचा दहा ते पंधरा टक्के हिस्सा पिकअपच्या गोळ्यावर जातो, म्हणून निभावतं. काट्याने सांगितलं, डावी बाजू 3400 पौंड, उजवी 2800. एकूण वजन नियमात, पण डावे दोन टायर मर्यादेला जवळपास टेकलेले आणि उजवे आरामात. त्यात ही माणसं पाण्याची टाकी घरूनच भरून न्यायची. 40 गॅलन पाणी म्हणजे 330 पौंडांहून जास्त, तेही कॅम्पग्राउंडवर नळ असताना.

दुरुस्ती एका शनिवारात झाली. नवे बुश, नवे बोल्ट, शॅकल बदलले. लांबोळकं झालेलं भोक एका वेल्डरकडून नीट करून घेतलं, कारण ते तसंच ठेवून नवा बोल्ट घातला असता तर तो पुन्हा मागे सरकला असता. परत ओळंबा, परत खडू, आणि दोन्हीकडचं अंतर जुळलं. वहिनींनी डाळ-तांदूळ आणि कुकर उजवीकडच्या पलंगाखाली हलवले. खलबत्ता पिकअपमध्ये गेला. टाकी आता रिकामी जाते.

टायर चारही नवे घ्यायचे ठरलं. झीज हे त्याचं अर्धंच कारण. टायरच्या भिंतीवर डीओटी (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले आठ-नऊ महिने एका जागी उभा असतो, नक्षी शाबूत राहते आणि रबर आतून वाळत जातं. पाच-सहा वर्षांनी नक्षीकडे न पाहता टायर बदलावा, असं अनुभवी लोक सांगतात आणि मला ते पटतं. मित्राने या वेळी एक पायरी वरच्या क्षमतेचे घेतले, 65 पीएसआयवर 2040 पौंड पेलणारे. त्याआधी रिम तेवढ्या दाबाचे आहेत का हे रिमवरचा शिक्का पाहून ठरवलं, ते बरेच जण विसरतात. वेगाचं मात्र त्याला अजून पटत नाही. ट्रेलरच्या टायरवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर मर्यादा ताशी 65 मैल धरायची असते, आणि उत्तर मिशिगनमध्ये आय-75 वर पाटी 75 ची आहे.

निघण्याआधी प्रत्येक टायरची नक्षी तीन ठिकाणी मोजून ठेवली, आत, मध्ये आणि बाहेर. बारा आकडे. ते कुठे लिहायचे यावर चर्चा झाली. मित्राला फोनमधल्या तक्त्यात हवे होते. वहिनींनी ते कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या कागदावर, साखर-चहापत्तीच्या यादीखाली लिहून टाकले. मोसम संपल्यावर तिथेच दुसरी ओळ भरली गेली. आतली आणि बाहेरची कड चारही टायरांना सारखी आहे. तळवा कुठल्याही दिशेने फिरवा, धार लागत नाही. मधला पट्टा मात्र चौघांचाही किंचित जास्त उतरलाय. म्हणजे वजन हलकं केलं आणि हवा पूर्ण 65 भरली जातेय, ती थोडी कमी करायला हवी. मी तसं सांगितलं. मित्र म्हणतो भिंतीवर 65 छापलंय, 65 च भरणार. वहिनींनी कागदावर 60 लिहून खाली रेघ मारली आहे.